पट्टा किती, हप्ता कधी: अधिवास-मोबदला प्रकल्पाच्या नोंदी

९ फेब्रुवारी

पहिली खडाजंगी एका शब्दावरून. छोट्या शेतकऱ्यांनी शेतात पशुपक्ष्यांसाठी जागा राखावी आणि त्याचे पैसे त्यांना द्यावेत, अशा कराराच्या मसुद्यात ‘अनुदान’ होते, ते काढले. अनुदान वरून येते. मिळाले तर घ्यायचे, नाही मिळाले तर अर्ज करत राहायचे. घेणाऱ्यावर बंधन नसते आणि देणाऱ्याचे काही अडत नाही. ‘भाडे’ही नको. भाडे म्हटले की जमीन हातची जाते की काय ही धास्ती बसते, शिवाय मालक एक आणि कसणारा दुसरा असेल तर पैसा मालकाच्या घरी जातो. ‘मोबदला’ ठेवला: सोडलेल्या उत्पन्नाचा आणि केलेल्या कामाचा.

शेतकऱ्याकडे तीनच गोष्टी मागायच्या. एक, बांधालगतचा पट्टा नांगरट आणि फवारणीविना ठेवणे. दोन, उभ्या पिकात किंवा गवतात जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची घरटी ठरलेल्या दिवसापर्यंत राखणे. तीन, शेतातल्या सखल, पाणी धरणाऱ्या तुकड्याचा निचरा न करणे. मूळ यादीत चौदा गोष्टी होत्या. ज्या शेतकऱ्याच्या हातात आहेत आणि ज्या बांधावर उभे राहून दोघांनाही दिसतात, तेवढ्याच ठेवल्या. ‘जैवविविधता वाढवणे’ हे कलम असल्या करारात काही कामाचे नाही. ते तपासायचे कसे, हे ना शेतकऱ्याला सांगता येईल, ना आपल्याला.

१६ फेब्रुवारी

पट्ट्याची रुंदी. मोठ्या शेतांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांतून तीन मीटर, सहा मीटर असे आकडे उचलून छोट्या शेतावर ठेवले की काय होते, ते आज कागदावर मांडले.

एक हेक्टरचे चौरस शेत: बाजू १०० मीटर. चारी बाजूंनी तीन मीटर सोडले तर उरते ९४ × ९४, म्हणजे ८,८३६ चौरस मीटर. गेले १,१६४, सुमारे साडेअकरा टक्के.

२,००० चौरस मीटरचे शेत: बाजू सुमारे ४४.७ मीटर. तेवढाच पट्टा सोडला तर उरते ३८.७ × ३८.७, म्हणजे जेमतेम १,५००. गेले ५००. चौथा हिस्सा!

नियम एकच, पण छोट्याच्या अंगावर तो दुपटीहून जड पडतो. शेत चिंचोळे असेल तर आणखी वाईट: २० × १०० मीटरच्या पट्टीतून चारी बाजूंचे तीन-तीन मीटर वजा केले तर १४ × ९४ म्हणजे १,३१६ उरतात, तिसरा हिस्सा गेला. वाटण्या होत होत शेते बहुधा अशीच चिंचोळी झालेली असतात.

उपाय ठरला तो असा. चारी बाजू मागायच्याच नाहीत. फक्त सामाईक बांध घ्यायचा आणि दोन्ही शेजाऱ्यांनी प्रत्येकी दीड मीटर द्यायचा. मधला बांध धरून साडेतीन-चार मीटरचा सलग पट्टा मिळतो. प्राण्याला मालकी हक्क कळत नाही, त्याला सलग झाडोरा लागतो. शिवाय ओढ्याकडे किंवा झाडीकडे जाणारेच बांध आधी घ्यायचे. सुटे बांध दुसऱ्या वर्षी.

अडचण उघड आहे: शेजारी-शेजारी भांडण असेल तर पट्टा अर्धाच राहतो. म्हणून लगतच्या दोघांनी एकत्र नाव दिले तर दोघांनाही जोड-मोबदला जादा. अर्थशास्त्रज्ञ याला सलगतेचा बोनस म्हणतात आणि स्वित्झर्लंडमध्ये शेतांच्या जोडणीसाठी असा वेगळा दर आहे. जोड-मोबदल्याने भांडण मिटत नाही, पण बांधापुरते बोलणे सुरू होते.

२ मार्च

पैसे कोणाला? कागदावरचा मालक, प्रत्यक्ष कसणारा, आणि ज्याच्या खात्यात रक्कम जाते तो, ही तीन माणसे असू शकतात. कॉस्टा रिकाने १९९६च्या वनकायद्यातून जंगल राखणाऱ्या जमीनधारकांना पैसे द्यायला सुरुवात केली, इंधनावरच्या कराचा हिस्सा त्यासाठी लावला. तो कार्यक्रम जगभर दाखल्यासारखा सांगितला जातो. पण सुरुवातीची वर्षे मालकीचा पक्का कागद लागत असल्याने लहान आणि कागद नसलेले मागे राहिले. पुढे अट सैल करावी लागली.

आपल्याकडे ठेवलेली पद्धत: मालकीचा पुरावा नव्हे, वहिवाटीचा. चतुःसीमेच्या शेजाऱ्यांपैकी तिघांनी ‘गेली तीन वर्षे हेच कसतात’ असे सांगून सही किंवा अंगठा द्यायचा. वाटेकरी किंवा खंडाने कसणारा असेल तर करार तिघांत: मालक, कसणारा, प्रकल्प. मोबदल्याची वाटणी टक्क्यांत करारातच लिहायची. तोंडी ठेवली तर पहिल्या हप्त्यालाच वाद. आणि एक कलम न विसरता: कराराच्या मुदतीत मालकाने कसणाऱ्याला काढले तर उरलेला मोबदला मालकाकडे वळणार नाही, थांबेल. हे नसेल तर मोबदलाच कुळाला हुसकावायचे कारण ठरतो.

सामायिक जमिनीत सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या मागितल्या तर काम वर्षभर हलत नाही. कसणाऱ्या हिस्सेदाराची सही आणि इतरांना नोटीस, तीस दिवसांत हरकत नसेल तर पुढे.

११ मार्च

दर काढायची रीत. दराचे चार घटक: सोडलेले निव्वळ उत्पन्न, कामाचे दिवस, जोखीम, आणि कागद-बैठकांत गेलेला वेळ.

पहिल्या घटकात नेहमी होणारी चूक म्हणजे शेताचे सरासरी उत्पन्न क्षेत्रफळाने गुणणे. कडेचे पीक मधल्यापेक्षा कमी येते. वळताना औजाराने जमीन दाबली जाते, झाडाची सावली पडते, मुळे ओलावा ओढतात. कापणीच्या वेळी एक मीटर × एक मीटरची चौकट घेऊन बांधापासून दीड मीटरवर पाच आणि शेताच्या मध्यावर पाच ठिकाणी पीक कापून, मळून, सारखे वाळवून वजन करायचे. ओले वजन घेतले तर कडेचे आकडे फसवे येतात, कारण सावलीतले धान्य उशिरा वाळते. आलेल्या उत्पन्नातून त्या तुकड्यावर वाचलेले बी, खत, मजुरी वजा. राहील तो खरा तोटा.

चौथा घटक बहुतेक प्रकल्प विसरतात. तीनशे चौरस मीटरच्या पट्ट्यासाठी शेतकऱ्याला जेवढ्या बैठका, सह्या आणि मोजण्या, तेवढ्याच तीन हेक्टरवाल्याला. केवळ क्षेत्रफळावर दर ठेवला तर लहान शेतकऱ्याचा वेळही वसूल होत नाही आणि तो शहाणपणाने लांब राहतो. म्हणून दर दोन भागांत: करारामागे ठरावीक रक्कम (क्षेत्र कितीही असो) आणि त्यावर चौरस मीटरचा दर.

लिलावाचा पर्याय चर्चेत आला. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २००१ पासून बंद पाकिटातून बोली घेऊन झाडोरा राखण्याचे करार दिले गेले. मालावीत झाडे लावण्याच्या करारांवर केलेल्या प्रयोगात बोली लावून करार मिळवलेल्यांनी, चिठ्ठी टाकून करार मिळालेल्यांपेक्षा जास्त झाडे तीन वर्षे जगवली. म्हणजे बोलीत शेतकऱ्याची स्वतःची माहिती उतरते. तरी इथे लिलाव नको. एका शिवारात सगळे एकमेकांना ओळखतात, पाकीट बंद राहत नाही, आणि सर्वांत कमी बोली बहुधा सर्वांत अडलेला माणूस लावतो. त्याची अडचण म्हणजे आपली बचत, असला हिशेब करायचा नाही.

२० मार्च

आधारदिनांक ठरवला: १ जानेवारी, म्हणजे प्रकल्पाची वाच्यता होण्यापूर्वीचा. त्या दिवशी शेतावर जे झाड, झुडूप, डबके होते ते नकाशात. त्यानंतर तोडून ‘आता नव्याने लावतो, मोबदला द्या’ हा मार्ग बंद. ज्यांनी आजवर स्वखुशीने झाडोरा राखला त्यांनाही दर तोच. ‘ते तर तसेही राखतात, त्यांना कशाला’ हा युक्तिवाद हिशेबाला बरोबर दिसतो, पण शिवारात त्याचा अर्थ ‘आधी तोडा, मग पैसे मिळतात’ असा घेतला जातो.

जुनी स्थिती पाहायला उपग्रहचित्रे फुकट मिळतात. सेंटिनेल-२चा एक ठिपका १० मीटरचा, लँडसॅटचा ३० मीटरचा. झाडीचा मोठा तुकडा, साचलेले पाणी यांत दिसते. चार मीटरचा पट्टा दिसत नाही. त्यासाठी पायी फिरणे आणि खुणेच्या खांबावरून काढलेला फोटो, दुसरा इलाज नाही.

करारात संपूर्ण शेताचे कलम: मोबदल्याचा पट्टा राखून दुसऱ्या कोपऱ्यातली झुडपे काढली तर करारभंग. नाहीतर नासधूस फक्त जागा बदलते.

४ एप्रिल

आखणी. मोबाइलचे जीपीएस उघड्या आकाशाखालीही सुमारे पाच मीटर इकडेतिकडे दाखवते. पट्टा दीड मीटरचा! तेव्हा मोबाइल फक्त शेत कोणते हे नोंदवायला. रुंदी मोजायची ती फितीनेच. फायबरची फीत ताणली की वाढते. तीस मीटरमागे दोन माणसे, आणि खेच सारखी.

मोजायचे कुठून, हा खरा प्रश्न. बांधाच्या मध्यापासून म्हणावे तर बांध दरवर्षी दोन्हीकडून कोरला जातो. पुढच्या वर्षी मध्य हललेला असतो आणि पट्टा कोणी चोरला हे सिद्ध होत नाही. म्हणून प्रत्येक बांधाच्या दोन्ही टोकांना न हलणाऱ्या दोन खुणा धरल्या (मोठे झाड, विहिरीचा कठडा, हद्दीचा दगड) आणि त्या दोन्हींपासून पहिल्या खुंटीचे अंतर सेंटिमीटरमध्ये लिहिले. खुंटी उपटली तरी दोन फितींच्या छेदावर ती पुन्हा ठोकता येते. मध्ये दर २५ मीटरला आणि प्रत्येक वळणावर एक खुंटी. लाकडी खुंटीला वाळवी लागते, लोखंडी चोरीला जाते. अर्धी पुरलेली दगडी फाडी टिकते.

शंभर मीटर लांबीवर अर्धा मीटर रुंदी चुकली तर ५० चौरस मीटरचा फरक. दीड मीटरच्या पट्ट्यात तो ३३ टक्के. मोबदल्यात तिसरा हिस्सा इकडचा तिकडे होत असेल तर मोजणी शेतकऱ्यासमोरच, आणि आकडा त्याच्या वहीत त्याच्या हाताने.

प्रत्येक बांधाला एक फोटोखुंटी: कॅमेरा दीड मीटर उंचीवर, समोर दिसणारी ठरलेली खूण चौकटीच्या मध्यावर. पुढे दर महिन्याच्या त्याच आठवड्यात तिथूनच फोटो.

१८ एप्रिल

घरटी राखणाऱ्यांचे प्रशिक्षण. इथे हौशी माणूस मदतीपेक्षा नुकसान जास्त करतो, म्हणून नियम ठोकळ शब्दांत.

घरटे दिसले की तिथे थांबायचे नाही. सरळ पुढे चालत जायचे. परत फिरलेली वाट घरट्यापाशीच संपते आणि वासावर चालणारे मुंगूस, कोल्हा, कुत्रे त्याच वाटेने येतात. भर उन्हात किंवा पावसात पक्ष्याला उठवायचे नाही, अंडी मिनिटांत तापतात किंवा गारठतात. अंड्याला हात नाही. फोटो लांबून एकच.

खूण घरट्यावर नको. औजार ज्या दिशेने चालणार त्या रेषेत घरट्याच्या दोन्ही बाजूंना सुमारे दहा-दहा मीटरवर एकेक साधी काठी. लाल-पिवळे फडके बांधू नये. कावळा ते शेतकऱ्याच्या आधी शिकतो. औजार चालवणाऱ्याला दोन काठ्यांची ओळ दिसली की मधला तुकडा सोडायचा. एवढासा तुकडा उभा ठेवून भोवतीचे सगळे साफ केले तर तो तुकडाच खूण होतो, त्यामुळे जमेल तिथे तो पट्ट्याला जोडून ठेवायचा.

किती दिवस? हे पक्ष्यानुसार बदलते आणि मोबदल्याच्या दिवसांशी थेट जोडलेले आहे. टिटवी साधारण चार आठवडे अंडी उबवते. पिल्ले निघाल्यावर दिवसाभरात घरटे सोडून आईबापांमागे चालू लागतात. म्हणजे तिथे राखण अंडी फुटेपर्यंत, आणि नंतर महत्त्व पट्ट्याच्या आडोशाला. चंडोलाचे उलट: उबवण जेमतेम अकरा-बारा दिवसांची, पण पिल्ले आंधळी आणि उघडी, आठ-दहा दिवस घरट्यातच. तिथे अंडी फुटली म्हणून राखण संपवली तर पिल्ले नांगराखाली.

दाट, उंच धान्यात चंडोल उतरूच शकत नाही. इंग्लंडमध्ये यावर साधा उपाय वापरतात: पेरताना हेक्टरी दोन ठिकाणी सुमारे चार मीटर × चार मीटरचा तुकडा न पेरता सोडायचा, कडेपासून ५० मीटर आत. ‘५० मीटर आत’ ही अट आपल्या शेतांत बसत नाही. इथल्या शेताचा मध्यच कडेपासून वीस मीटरवर असतो. तेव्हा हा उपाय चार-पाच लगतची शेते एक धरूनच. एका शेतकऱ्याच्या शेतात चौकोन, मोबदला पाचांत विभागून. यादीत ठेवला, यंदा नाही.

६ मे

गवत कापणी. बाहेरून आत गोल-गोल कापत गेले की जमिनीवरची पिल्ले आत-आत सरकतात आणि शेवटच्या फेरीत सापडतात. मधून बाहेर कापायचे, म्हणजे ती कडेच्या पट्ट्यात पळतात. स्कॉटलंडच्या बेटांवर कॉर्नक्रेक या पक्ष्यासाठी शेतकऱ्यांना उशिरा आणि मधून बाहेर कापण्याचा मोबदला दिला गेला. ब्रिटनमध्ये १९९३ला हाक देणारे सुमारे ४८० नर होते, ते २०१४पर्यंत १,२००च्या वर गेले. नंतर पुन्हा घटले. त्या घटीची नोंद बैठकीत मुद्दाम वाचून दाखवली. मोबदला ही एकदा लावून विसरायची गोष्ट नव्हे.

मधून बाहेर कापताना पहिल्यांदा औजार मध्यापर्यंत न्यायला वाट तुडवावी लागते आणि वेळ थोडा जास्त लागतो. तेवढे तास मजुरीच्या दराने मोबदल्यात धरले. हाताने विळ्याने कापणाऱ्यांना यातले काही नको. त्यांचा वेग पिल्लाला पळायला पुरतो.

२८ मे

हप्ता. सगळ्यात जास्त वेळ आज यावर गेला आणि जायलाच हवा होता.

नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेला किटेंगेलाच्या कुरणांवर २००० साली पशुपालकांशी करार सुरू झाले: कुंपण घालायचे नाही, शिकार नाही, जमीन विकायची नाही, मोबदला एकरी वर्षाला चार डॉलर. रक्कम फार मोठी नव्हती. पण ती तीन हप्त्यांत, शाळेच्या तिन्ही सत्रांच्या सुरुवातीला दिली जाई, फी भरायच्या वेळी. ज्या दिवशी जमिनीचा तुकडा किंवा जनावर विकायची वेळ यायची, त्याच दिवशी हातात पैसा. रक्कम वर्षाअखेरीस एकदम दिली असती तर तेवढ्याच खर्चात परिणाम निम्माही आला नसता, असे आमचे मत.

आमचे हप्ते: पेरणीआधी ४० टक्के, हंगामातल्या तपासणीनंतर ३५, कापणीनंतरच्या तपासणीनंतर २५. पेरणीआधीचा मोठा का? पट्टा मोडतो तो पेरणीच्या आठवड्यात. बियाणे उधारीवर आणलेले, नांगर शेतात उभा, ‘एवढे दीड मीटर कशाला सोडू’ हा विचार त्याच दिवशी येतो. त्या दिवशी पैसा हातात नसेल तर करारातले कलम त्याला आठवत नाही, आणि आठवले तरी तो दोषी नाही.

काही हप्ते आज अडकले. कारण क्षुल्लक: करारावर एक नाव, खात्यावर आडनाव आधी, किंवा आद्याक्षराचा फरक. बँकेने परत पाठवले, आणि परत आलेली रक्कम पुन्हा पाठवायला मंजुरी नव्याने. पुढच्या करारापासून सहीच्या दिवशीच नाममात्र रक्कम पाठवून खाते तपासायचे. ती पोचल्याचा निरोप शेतकऱ्याने दाखवला की मगच करार पूर्ण. अडकलेल्यांना रोख उचल दिली, पावती दोन प्रतींत.

अडकलेल्यांपैकी दोन बांधांवर नांगर फिरला होता. ते करारभंगात धरले नाहीत. हप्ता सात दिवसांपेक्षा उशिरा गेला तर त्या मुदतीतला भंग प्रकल्पाच्या खात्यावर, असे कलम आजच जोडले.

१५ जुलै

तक्रारी आल्या, दोन: उंदीर आणि तण. दोन्ही खऱ्या आहेत. ‘निसर्गाचा समतोल’ सांगून उडवून लावायच्या नाहीत.

उंदरांची मोजणी: संध्याकाळी ५० मीटर पट्ट्यातली आणि तेवढ्याच लांबीच्या साध्या बांधावरची सगळी बिळे चिखलाने बुजवायची, सकाळी उघडलेली मोजायची. बुजलेली राहतात ती रिकामी. तीन रात्री केले. जिथे बांध उंच आणि रुंद, तिथे पट्टा असो-नसो बिळे उघडतातच. मातीचा ढीग हे मुख्य कारण, गवत दुय्यम. तरी पट्टा पिकाला चिकटलेला असला की उंदराला आडोशातून थेट कणसापर्यंत जाता येते. म्हणून पट्टा आणि पीक यांच्यात हातभर उघडी, खुरपलेली पट्टी. रात्री घुबडाला उंदीर दिसायला तेवढी पुरते. पक्षिथांबे (पक्ष्यांना बसायला रोवलेल्या काठ्या) या पट्टीच्या कडेला रोवायचे, पट्ट्यात आत नाही.

विषारी आमिष बंद. आमिष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होतो, आणि सुस्त उंदीरच घुबडाला आधी सापडतो. सापळे प्रकल्पाकडून.

तणाचे: वाऱ्याने बी उडणारी तणे फुलोऱ्यात असतानाच तेवढी उपटायची, सबंध पट्टा कापायचा नाही. विणीचा हंगाम संपल्यावर लांबीने अर्धा पट्टा कापायचा, दुसरा अर्धा पुढच्या वर्षी. कापलेले तिथेच टाकले तर कुजून माती सकस होते आणि दोन-तीनच जोमदार गवते बाकी सगळ्यांना दाबून टाकतात. म्हणून चाऱ्याला न्यायचे. हे शेतकऱ्याला पटवावे लागले नाही.

शेजारच्या कराराबाहेरच्या शेतातून तणनाशक वाऱ्याने आले आणि एक पट्टा पिवळा पडला. मोबदला कापला नाही. त्या शेजाऱ्याला पुढच्या वर्षीच्या जोडीत घ्यायचे.

३० जुलै

सखल तुकडे. उथळ पाण्यात चालणाऱ्या पक्ष्यांना पाच-दहा सेंटिमीटर पाणी पुरते. गुडघाभर झाले की ते निघून जातात. कॅलिफोर्नियाच्या भातखाचरांत २०१४पासून ठरावीक आठवड्यांपुरते असे उथळ पाणी ठेवायचे पैसे शेतकऱ्यांना बोली पद्धतीने दिले गेले, तेही पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून ‘कुठे आणि कधी’ हे ठरवून. त्यातले घेण्यासारखे एवढेच: बारमाही पाणी विकत घ्यायची गरज नाही, पक्षी जेव्हा येतात तेवढेच आठवडे घ्यावेत.

एका तुकड्याला रातोरात चर पडला आणि पाणी गेले. चर वरच्या शेतातून, पीक बुडू नये म्हणून. चौकशीत निघाले की आखणी करताना वरच्या शेताचा उतार पाहिलाच नव्हता. चूक आपली. पाणवठ्याच्या प्रत्येक तुकड्याला पाणी कुठवर चढेल ते खुंट्या ठोकून आधी दाखवायचे, आणि त्या रेषेत येणारा प्रत्येक जण करारात.

करारभंगाची पायरी: पहिल्यांदा लेखी समज आणि दुरुस्तीला पंधरा दिवस, दुसऱ्यांदा त्या हप्त्याचा तो भाग कापणे, तिसऱ्यांदा करार संपला. दिलेला पैसा परत मागायचा नाही. छोट्या शेतकऱ्याकडून वसुली होत नाही, फक्त पुढच्या वर्षी कोणी दारात उभे करत नाही.

२० ऑगस्ट

पक्षिगणना आणि तिचा मोबदल्याशी संबंध. पद्धत: पहाटे, वारा-पाऊस नसताना, एका जागी उभे राहून दहा मिनिटे, ५० मीटरच्या आतले पक्षी. आता त्या वर्तुळाचे क्षेत्र काढा: सुमारे ७,८५० चौरस मीटर. त्यात २,००० चौरस मीटरची जवळजवळ चार शेते बसतात. म्हणजे गणना चार शेतांची, करार एका शेताचा. ‘तुझ्या शेतात पक्षी वाढले म्हणून तुला जास्त’ हे छोट्या शेताच्या बाबतीत मोजताच येत नाही.

निकालावर पैसे देण्याची दोन उदाहरणे समोर ठेवली. कंबोडियाच्या उत्तर मैदानांत दुर्मीळ पाणपक्ष्यांचे घरटे दाखवणाऱ्याला पाच डॉलरपर्यंत, मग राखणदाराला रोज एक डॉलर आणि पिल्ले उडाली तर रोजचा आणखी एक. घरटे ही मोजता येणारी गोष्ट, म्हणून तिथे जमते. पण पैसा घरटे सापडलेल्या मोजक्यांनाच मिळतो. स्वीडनमध्ये रेनडिअर पाळणाऱ्या सामी समाजाच्या वस्त्यांना त्यांच्या कुरणात लिंक्स किंवा वुल्व्हरिन या रेनडिअर मारणाऱ्या शिकारी प्राण्यांनी पिल्ले घातली की वस्तीला रक्कम. रेनडिअर किती मारले हे विचारतच नाहीत. तिथे एकक वस्ती, माणूस नव्हे.

आमचे ठरले: मोबदला कृतीवर, शेतागणिक. निकालाचा बोनस शिवाराला, छोटा, सगळ्यांत समान. पुराने किंवा मुंगसाने घरटे गेले तर त्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर नको. त्याला तेवढी जोखीम पेलत नाही.

तुलनेसाठी कराराबाहेरचे बांधही त्याच माणसाने, त्याच आठवड्यात मोजायचे. हे ऐच्छिक नाही. नेदरलँड्समध्ये अशा करारातील आणि कराराबाहेरील शेतांच्या ७८ जोड्या तपासल्या गेल्या. २००१ साली निष्कर्ष आले ते हे की वनस्पती किंवा पक्ष्यांच्या विविधतेत फायदा दिसत नाही, आणि नेहमीचे चार पाणथळ पक्षी तर करारातील शेतांवर उलट कमी. तोवर पैसा वर्षानुवर्षे जात होता. युगांडात मात्र १२१ गावांत चिठ्ठीने निवड करून, जंगल न तोडण्याचे पैसे देऊन पाहिले: दोन वर्षांत पैसे दिलेल्या गावांत वृक्षाच्छादन ४.२ टक्के घटले, न दिलेल्यांत ९.१. तोड थांबली नाही, निम्म्याहून कमी झाली. आणि पात्र मालकांपैकी सुमारे तिसराच हिस्सा सामील झाला होता. हे आकडे सांगता येतात ते केवळ न दिलेली गावेही मोजली म्हणून.

१२ सप्टेंबर

रानडुकरांनी पीक लोळवले. नुकसानभरपाई आणि मोबदला वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या कागदांवर. एकत्र केले तर नुकसान झालेल्याला वाटते मोबदला वाढवून मिळावा, आणि न झालेल्याला वाटते आपला त्यातून कापला गेला. पंचनामा ४८ तासांत. उशीर झाला की पाऊल आणि विष्ठा पुसली जाते, मग डुक्कर की गुरे हे सांगता येत नाही. झाडीकडे जाणाऱ्या पट्ट्यांची दिशा पुढच्या वर्षी पुन्हा तपासायची: डुकराला थेट पिकात सोडणारा पट्टा आपणच आखला असेल तर वळवायचा.

२५ नोव्हेंबर

कापणीनंतरची तपासणी आणि शेवटचा हप्ता. तपासणी सगळ्यांची नाही. पाचातला एक बांध चिठ्ठी काढून, चिठ्ठी गावासमोर. उरलेल्यांचे महिन्याचे फोटो. फोटोखुंटीवरून न काढलेले फोटो बाद केले. फोटो कुठून काढला यावर पट्टा कितीही रुंद दिसतो.

धान्याचा भाव चढला आहे. अमेरिकेत १९८५च्या कायद्याने दहा-पंधरा वर्षांच्या करारावर जमीन पड ठेवायचे पैसे मिळतात. २००७ला त्यात सुमारे ३ कोटी ६८ लाख एकर होते, भाव वाढल्यावर करार संपले की शेतकरी बाहेर पडत गेले आणि पुढच्या सात-आठ वर्षांत आकडा सुमारे २ कोटी ४० लाखांवर आला. आपला दर ठरावीक ठेवला तर तेच होणार. क्षेत्राचा दर मागच्या हंगामाच्या बाजारभावाला बांधला, खालची मर्यादा पहिल्या वर्षाचा दर. मुदत तीन वर्षे: एका वर्षात झुडूप धरत नाही, आणि दहा वर्षांवर सही करायला छोटा शेतकरी धजावत नाही. बाहेर पडायचे तर कापणीनंतर, तीस दिवसांची सूचना. पट्ट्यातले गवत विणीआधी काढायचे नाही एवढीच अट.

१० जानेवारी

फाड्या तपासल्या. तीन ठिकाणी बांध कोरला गेला. दोन खुणांवरून फीत टाकून जुनी जागा काढली, दोन्ही शेजारी हजर. एका ठिकाणी खूण म्हणून धरलेले झाडच वाळले आहे, पडायच्या आत बदली खूण धरून अंतरे नव्याने लिहावी लागतील. नाममात्र रकमेची खातेतपासणी १५ तारखेपासून. पेरणीआधीच्या हप्त्याची मंजुरी मार्चमध्येच घेऊन ठेवायची. मे महिन्यात सही करणारे रजेवर असतात.